आखूड टप्प्याचा गोलंदाज

पोटासाठी तो पडद्यांच्या कापडाच्या दुकानात विक्रेता होता आणि मनातून गोलंदाज. पहिल्या कामाचा त्याला पगार मिळत असे, दुसरं तो सगळ्यांना फुकट ऐकवत असे. गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडता उलगडता त्याची गाडी हमखास क्रिकेटवर यायची. वेगाचं काय, दंडात बळ असलं की झालं; खरा खेळ टप्प्याचा, असं तो सांगायचा आणि चेंडू नेमका कुठे पडला पाहिजे ते कापडावर बोट टेकवून दाखवायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं, कारण कात्री त्याच्या हातात असायची. यावरून बाजाराने त्याचं नाव टप्पाकाका ठेवलं. त्यात अर्धी चेष्टा होती. तेवढी त्याने बाजूला काढली आणि उरलेलं नाव मानाने मिरवलं.

वय पन्नाशी ओलांडलेलं. कापडावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला, पोट पट्ट्याच्या वर येऊन विसावलेलं. उजवा हात मात्र ठाणं फेकून फेकून ताठ राहिलेला. आंघोळीनंतर तो आरशात या एकाच हाताकडे बघत असे. बाकीचा देह जणू त्या हाताला धरून ठेवायला दिलेला होता.

बाजारातल्या दुकानदारांची दरवर्षी क्रिकेटची स्पर्धा व्हायची. कापडवाले, भांडीवाले, चपलावाले, औषधवाले असे संघ. कापडवाल्यांच्या संघात टप्पाकाका कितीतरी वर्षं होता; म्हणजे खेळणाऱ्यांची घड्याळं, चष्मे आणि पाकिटं सांभाळायला होता. खिशात इतकी घड्याळं टिकटिकत असूनही आपली वेळ येत नाही, याचं त्याला वाईट वाटे. यंदा मात्र संघाचा फिरकी गोलंदाज दुकान विकून दुसऱ्या गावी गेला. कर्णधार होता समोरच्या दुकानातला, बटणं आणि दोरे विकणारा तिशीतला तरुण. टप्पाकाकाने त्या बटणवाल्याकडे इतक्या चकरा मारल्या, इतकी नको असलेली बटणं विकत घेतली, की शेवटी तो कंटाळून हो म्हणाला.

"तीन सामने आहेत, काका. टाका तुम्ही. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून अंपायर. डगला आहेच आपल्याकडे."

त्या पांढऱ्या डगल्याचं बाजारात नाव वाईट होतं. ज्याचे गुडघे गेले, ज्याची नजर गेली, त्याला तो घालत. एकदा अंगावर चढला की माणूस पुन्हा खेळताना दिसत नसे. उन्हात उभा राहून दुसऱ्यांचे चेंडू मोजत असे आणि दोन्हीकडच्या शिव्या खात असे. टप्पाकाकाला मरणाची भीती फारशी नव्हती. त्या डगल्याची होती.

सराव तो राहत्या इमारतीच्या गच्चीवर करायचा. मैदान दूर नव्हतं, पण मैदानावर इतर लोक असतात आणि त्यांना डोळे असतात. गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, वाळत घातलेल्या चादरी होत्या. त्यांच्यापैकी कुणी काही बोलत नसे. तिथे त्याने खेळपट्टी आखली होती. खेळपट्टी बावीस यार्डांची असते हे त्याला ठाऊक होतं. यार्ड म्हणजे गज, आणि गज तर उभा जन्म त्याच्या हातातच होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी तो मालकांना विचारून दुकानाचा लोखंडी गज घरी घेऊन आला आणि गच्चीवर ओणवा होऊन, जीभ दातांत धरून, बावीस गज मोजून त्याने खडूने दोन रेघा मारल्या. मग एका टोकाला विटा रचून त्याचे स्टंप केले आणि त्यांच्यापुढे जिथे चेंडू पडायला हवा तिथे पडद्याच्या कापडाचा एक तुकडा पसरला.

आता या गजाबद्दल सांगायला हवं. तो दोन बोटं कमी होता. फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच्या एका टोकाची पितळी टोपी काढून, लोखंड कापून, टोपी पुन्हा बसवली होती. दुकानातल्या जुन्या माणसाने नव्या माणसाच्या हातात तो ठेवावा, नव्याने पहिल्याच आठवड्यात ओळखावं आणि कुणीच काही बोलू नये, अशी रीत होती. टप्पाकाकाला हे माहीत नव्हतं असं नाही. आपल्या पोटात यकृत आहे हे जसं माणसाला माहीत असतं, तसं माहीत होतं. त्याची आठवण रोज कोण काढतो? ज्या हाताने तो दिवसभर लोकांच्या खिडक्या दोन दोन बोटं उघड्या ठेवत होता, त्याच हाताने त्याने खेळपट्टी मोजली, आणि त्याच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

वर्षभर तो त्या तुकड्यावर चेंडू टाकत राहिला. हळूहळू हात इतका बसला की डोळे मिटून टाकलेला चेंडूही तुकड्यावर पडू लागला. मग तो डोळे मिटूनच टाकू लागला, कारण मिटलेल्या डोळ्यांपुढे प्रेक्षक असत.

पहिला सामना भांडीवाल्यांशी होता. टप्पाकाका नवी पांढरी विजार घालून आला होता. चेंडू हातात मिळाल्यावर त्याने क्षेत्ररक्षक हलवले, पुन्हा हलवले, एकाला तर इतका बारीक सरकवला की तो वैतागून आपल्या जागी परत गेला. मग चार पावलं धावून त्याने पहिला चेंडू सोडला. वर्षभराच्या मेहनतीचा तो चेंडू अगदी ठरल्या अंतरावर पडला. फलंदाज मात्र त्या अंतराच्या बराच पलीकडे उभा होता. चेंडू टप्पा खाऊन, उसळून, कमरेएवढ्या उंचीवर आरामात आला. भांडीवाला, जो एरवी तोल सावरत खेळे, तो मागच्या पायावर गेला, त्याने चेंडूची वाट पाहिली आणि तो मैदानाबाहेरच्या रस्त्यावर पाठवून दिला. दुसराही तिकडेच गेला. तिसरा चेंडू शोधायला जे गेले ते चहा पिऊन आले. षटक संपलं तेव्हा भांडीवाल्याने येऊन त्याचा हात हातात घेतला. आयुष्यात इतका मान आपल्याला कुणी दिला नव्हता, असं तो म्हणाला.

टप्पाकाकाने निदान काढलं: वारा. दुसऱ्या सामन्यात वारा नव्हता. चपलावाल्यांच्या म्हाताऱ्या सलामीवीराने त्याला तसाच झोडपला. मधेच एकदा त्याने जांभई दिली आणि मग षटकार मारला. या वेळी निदान निघालं खेळपट्टीचं. तिसऱ्या सामन्याच्या सकाळी बटणवाल्याने पिशवीतून डगला काढला आणि टप्पाकाकाच्या खांद्यावर ठेवला. नेहमीचे अंपायर आजारी आहेत, एवढ्या एका सामन्यापुरतं, असं तो खाली बघत म्हणाला. नेहमीचे अंपायर सीमारेषेपाशी खुर्चीत बसून शेंगा खात होते. टप्पाकाका तो सामना डगल्यात उभा राहिला. बाह्या आखूड होत्या. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, काकांना आता टप्पा जवळून दिसेल.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. पुढच्या वर्षी डगला कायमचा चढणार, मधे फक्त एक वर्ष आहे, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने निश्चय केला. निश्चय करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. साखर बंद. पहाटे उठायचं. रबरी चेंडू दाबत दाबत दुकानात जायचं. खांद्याला तेल चोळायचं. पहिल्या दिवशी या सगळ्या गोष्टी झाल्या. दुसऱ्या दिवशी फक्त तेल झालं, तेही बायकोने चोळलं म्हणून.

बायको घरी शिवणकाम करायची, बरंचसं पडद्यांचंच. मापाची टेप तिच्या गळ्यात सकाळी चढायची ती झोपताना उतरायची. नवऱ्याच्या क्रिकेटकडे ती लहान मुलाच्या खोकल्याकडे बघावं तशी बघायची: फार मनावर घेत नसे, पण कान असे. तिसऱ्या संध्याकाळी ती गच्चीवर कपडे काढायला गेली तेव्हा नवरा टाकीला टेकून खडूच्या रेघेकडे बघत बसला होता.

सगळं बरोबर आहे, तो तिला सांगू लागला. हात बरोबर, पावलं बरोबर, इथे प्रत्येक चेंडू तुकड्यावर पडतो. मैदानावर मात्र आखूड पडतो. मैदानाचीच काहीतरी भानगड आहे.

तिने चादर घडी करता करता विचारलं, "मोजलंत कशाने हे?"

"गजाने."

"कुठल्या गजाने?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या दुकानाच्या."

तिने हातातली चादर तशीच खाली ठेवली आणि ती टाकीच्या कठड्यावर बसून हसायला लागली. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पदर तोंडावर धरून. मग ती उठली, तिने गळ्यातली टेप काढली आणि रेघेपासून टेपेपुढे टेप टाकत मोजत गेली. विटांच्याही पुढे गेल्यावर तिने त्याला उठून यायला सांगितलं. विटांच्या मागे जवळजवळ एक गज अंतरावर ती उभी होती. "तुमचे स्टंप इथे," ती म्हणाली. "अहो, तुमच्या दुकानातलं कापड घेणार असाल तर अर्धा गज जास्त घ्या, असं मी गिऱ्हाइकांना लग्न झाल्यापासून सांगते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

दुसरा कुणी शहाणा असता तर इथे खाली मान घालून बसला असता. टप्पाकाकाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. म्हणजे चूक त्याची नव्हतीच. हात निर्दोष होता, टप्पा अचूक होता, फक्त माप कमी होतं. आपण वाईट गोलंदाज नाही, आपण तर इतके अचूक आहोत की चुकीच्या मापावरसुद्धा अचूकच पडतो! हे सुख एकट्याने भोगण्याचं नव्हतं. बायको मागून म्हणत होती की हे बाहेर बोलू नका. पण तोवर तो जिना उतरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते बटणवाल्याला सांगितलं. दुपारपर्यंत भांडीवाल्याला, चपलावाल्याला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला. प्रत्येकाला हिशेब करून दाखवला: गजामागे दोन बोटं, बावीस गजांचे किती, बघा तुम्हीच. ऐकणारे आधी हसले, मग गप्प झाले, मग ज्यांनी त्या दुकानातून पडदे घेतले होते ते मनातल्या मनात आपल्या खिडक्या आठवू लागले. टप्पाकाकाला त्यांच्या गप्प होण्यात आपल्याविषयीचा आदर दिसला. आपली अब्रू परत मिळवताना आपण दुकानाची विकतो आहोत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या डोक्यात तेव्हा खेळपट्टीखेरीज काही नव्हतं.

मालकांच्या ध्यानात संध्याकाळी आलं. ते कुणावर ओरडले नाहीत. ओरडणं त्यांच्या धंद्यात बसत नसे. दुकान बंद करताना त्यांनी टप्पाकाकाच्या हातून गज घेतला, त्याकडे प्रेमाने पाहिलं आणि तो आपल्या गाडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. एका मोठ्या हॉटेलचा व्यवस्थापक सगळ्या खोल्यांच्या पडद्यांची ऑर्डर घेऊन आला होता आणि त्याच्या खिशातून टेपची पिवळी शेपटी बाहेर डोकावत होती. आणखी दोन बायका टेप घेऊन आल्या होत्या. बटणवाला, चहावाला आणि ज्यांना कापडाची काडीची गरज नव्हती असे चारपाच जण दारात उभे होते. मालक स्वतः कापडापाशी उभे राहिले. समोर गज होता.

त्यांनी व्यवस्थापकाला आधी मोजून घ्यायला सांगितलं. त्याने टेप लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, केसाचाही फरक नाही. त्याने पुन्हा लावली. बायकांनीही आपापल्या टेपा लावून पाहिल्या. गज तंतोतंत होता.

टप्पाकाकाने टोकांकडे पाहिलं. पितळ नवं कोरं चमकत होतं. इतकी वर्षं ज्याच्यावर त्याचा अंगठा घासला होता, तो हा गज नव्हता.

"बाजारात काहीबाही कानावर येतं," मालक अगदी मऊ आवाजात म्हणाले. "आमचे टप्पाकाका सगळ्यात जुने. त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? सांगा ना काका. आपला गज कमी आहे, की तुमची गोलंदाजी वाईट आहे?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. इतके प्रेक्षक त्याला मिटल्या डोळ्यांपुढेसुद्धा कधी जमले नव्हते. हा तो गज नाही, एवढं एक वाक्य त्याच्या जिभेवर होतं. ते उच्चारलं असतं तर तो गोलंदाज म्हणून निर्दोष सुटला असता आणि उद्या सकाळी कुठे जायचं याचा विचार करत बसला असता. पण ते वाक्य जिभेवर असतानाच त्याला आणखी एक गोष्ट दिसली. ते बोललं की कोणीतरी विचारणार, मग इतकी वर्षं तुम्ही काय मोजत होतात, काका?

"गज बरोबर आहे," तो म्हणाला.

"मग?"

"गोलंदाजीच वाईट आहे माझी."

लोक हसले आणि लगेच पटून पांगले. त्याला लागलं ते हेच. गजाबद्दल लोकांनी तीनतीन टेपा लावून पाहिल्या. त्याच्या गोलंदाजीबद्दल कुणाला एकही लावावीशी वाटली नाही. व्यवस्थापकाने ऑर्डर दिली. पुढच्या आठवड्यात मालकांनी गजामागे भाव वाढवला आणि दाराशी 'खऱ्या मापाचं दुकान' अशी पाटी लावली. गिऱ्हाईक दुप्पट झालं.

त्या दिवशी दुपारी बटणवाला त्याला चहाला घेऊन गेला. टप्पाकाकाने चहा बशीत ओतला. मग तो हळूच म्हणाला की तू तरी विश्वास ठेव, तो जुना गज खरंच कमी होता.

"माहीत आहे मला," बटणवाला म्हणाला. "माझ्या आईने तीन वेळा कापड परत केलंय तुमच्याकडे."

"मग झालं तर. म्हणजे माझा टप्पा..."

"काका, राग मानू नका. पहिला चेंडू गजामुळे आखूड पडला, मान्य. दुसराही मान्य. पण पुढचे सगळे? समोरचा माणूस तुम्हाला रस्त्यावर फेकतोय, चेंडू कुठे पडतोय ते दिसत होतं की नाही? की एकदाही बघितलं नाहीत?"

टप्पाकाकाने खरंच बघितलं नव्हतं. चेंडू हातातून सुटला की तो सीमारेषेकडे, बसलेल्या लोकांकडे बघत असे. आपण कसे दिसतो आहोत हे त्यांच्या चेहऱ्यांवर शोधत असे. चेंडू कुठे पडावा हे ऐकवायला त्याच्याकडे आयुष्यभर लोक होते. तो कुठे पडतो हे पाहायला मात्र तो स्वतः कधीच गेला नव्हता. चहा निवला. त्याने विचारलं, डगला नक्की ठरलाय का. बटणवाला म्हणाला, वर्ष आहे अजून. आणि मग, खरं तर दयाच आली म्हणून, रविवारी पहाटे मैदान रिकामं असतं असंही म्हणाला.

रविवारी तो गेला. नवी विजार घातली नव्हती. मैदानावर दव होतं आणि एक कुत्रा होता. खेळपट्टी गच्चीपेक्षा लांब दिसत होती, जरा अन्यायानेच लांब. फलंदाज नव्हता, स्टंप नव्हते. त्याने पहिला चेंडू टाकला आणि मान वर न करता तो कुठे पडतो ते पाहिलं. आखूड. दुसरा आखूड. हात आपलं जुनं अंतर सोडायला तयार नव्हता. वर्षभर पढवलेला हात, इमानी नोकरासारखा, चुकीचं काम चोख करत होता. तिसरा त्याने जोर लावून टाकला, तो टप्पा न पडताच पलीकडे गेला. प्रत्येक चेंडूमागे त्याला स्वतःच चालत जाऊन तो आणावा लागत होता. पाठ भरून आली. आपण खरोखरच वाईट टाकतो हे त्याला त्या येण्याजाण्यात पुरतं समजलं. दुकानात उच्चारताना ते खोटं वाटलं होतं, इथे ते निमूटपणे खरं होतं. वारा नव्हता. खेळपट्टी चांगली होती.

ऊन चढलं तेव्हा कधीतरी एक चेंडू पडला. जिथे पडायला हवा होता तिथेच, आणि पडून किंचित वळला. त्याने तो पाहिला. पुढचा पुन्हा आखूड गेला, त्याच्या पुढचाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसं झालं. वाईट, तो म्हणाला. चहा मागितला आणि अंगठ्याला तेल लावत बसला. तिने थोडा वेळ वाट पाहिली. एरवी इथून पुढे तासभर गोष्ट असायची. त्याने त्या एका चेंडूबद्दल तिला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी दुकानातही कुणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी अलार्म वाजायच्या आधीच तो उठला.